एका महिन्याला एक काम

मोरीत पाण्याचा पहिला तांब्या दौलतच्या अंगावर पडल्याचा आवाज आला, तशी कमलने खुंटीवरच्या त्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. तीन तांब्यांपुरता वेळ होता. चौथ्याला तो टॉवेल मागतो, हे बेचाळीस वर्षांच्या संसारात तिला पाठ झालं होतं. खिशात थोडी सुटी नाणी, खोकल्याच्या दोन गोळ्या आणि चार घड्या घातलेला एक कागद होता. कागदावर दौलतच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ओटा २९, बटण ४०, फळी ५८. त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली: सोमवार, अकरा वाजता, मालकाचं ऑफिस. पावत्या नेणे.

"टॉवेल दे गो."

कमलने कागद होता तसा घडी करून खिशात सारला आणि टॉवेल दिला. तोंडावर तिने काही दिसू दिलं नाही.

"आज लवकर निघालात?" तिने विचारलं.

"दहाला गौतम मिस्त्री येईल. त्याला चहा दे. फळीचं काम आहे."

"कसली फळी?"

"भिंतीची," दौलत म्हणाला आणि डोकं पुसत राहिला.

हे असं उत्तर. गणपती गेल्यापासून सहा महिने ती अशीच उत्तरं ऐकत होती. गिरणी बंद पडल्यावर शिवाजी पार्कच्या एका बिल्डिंगमध्ये लिफ्टमन म्हणून लागलेला हा माणूस. उभ्या आयुष्यात त्याने भोईवाड्यातल्या या खोलीत एक खिळा ठोकला नव्हता. भिंतीला पोपडे आले तर म्हणायचा, गावच्या घराला बघ कशा मातीच्या भिंती आहेत, पोपडा म्हणून नाही. आणि तोच आता एकाएकी घराच्या मागे लागला होता. पगार झाला की एक काम. एका महिन्याला एकच, त्याहून जास्त परवडत नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. आधी दिव्याचं बटण खाली सरकलं. मग ओटा फुटला आणि नवा झाला. मोरीला लाद्या लागल्या, त्यासुद्धा विकत आणलेल्या नव्हेत. पार्कातल्या फ्लॅटांमधून काम झाल्यावर उरलेल्या, वॉचमनला सांगून बाजूला ठेवलेल्या. एका पिशवीत आठ यायच्या, दुसरीत पाच, म्हणून मोरीची एक भिंत पांढरी, दुसरी निळसर आणि तिसरीवर कुणाच्या तरी न्हाणीघरातली पिवळी फुलं होती. कमलला ती फुलं बघवत नसत.

कुणी म्हणेल, नवरा घर नीट करतोय, यात वाईट काय आहे? म्हणणाऱ्याने राघोबा चाळीत राहून बघावं. या चाळीत लादी बदलली की खोली गेली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. समोरच्या खोलीतल्या कालिंदीने दिवाळीआधी लाद्या घातल्या, होळीला ती बदलापूरला होती. कोपऱ्यातल्या अण्णांनी ओट्याला ग्रॅनाइट लावलं तेव्हा सगळे त्यांच्याकडे चहाला जाऊन कौतुक करून आले, आणि दोन महिन्यांनी त्या ओट्यावर भलतीच बाई पोळ्या लाटत होती. राहायचं असेल तर माणूस पोपड्यांवर कॅलेंडर लावतो. खर्च करतो तो विकण्यासाठी. खोली पागडीची, त्यामुळे विकायची तर मालकाची संमती लागते, आणि मालक आधी मागतो भाड्याच्या पावत्या. सोमवार, अकरा वाजता. पावत्या नेणे. आता आणखी काय लेखी हवं होतं?

विकून कुठे जायचं, हेही तिला विचारायला नको होतं. गावाला. दौलतचा जीव सगळा तिकडे. थोरला भाऊ दोन वर्षांमागे गेला तेव्हापासून घर बंद होतं आणि हा इथे रात्रंदिवस त्या कौलांची काळजी करत बसलेला. कमलचा जन्म लालबागचा. सासरी आली ती चार गल्ल्या ओलांडून. गावाला ती दरवर्षी जायची, आठ दिवस राहायची आणि नवव्या दिवशी तिला त्या शांततेने घुसमटायला व्हायचं. या खोलीबाहेर आपण जगणार नाही, असं तिला अगदी मनापासून वाटे, आणि तसं ती भांडणात बोलूनही दाखवी.

दौलत जिना उतरून गेल्याची खात्री करून तिने ट्रंक उघडली. त्याच्या बापाच्या नावापासूनच्या पावत्या सुतळीने बांधून ठेवलेल्या होत्या. तिने तो गठ्ठा पदराखाली धरला आणि शेजारच्या बकुळाचं दार लोटलं.

"ठेव तुझ्या कपाटात. मी मागेपर्यंत कुणाला देऊ नकोस. ह्यांनी मागितल्या तरी नाही."

बकुळाने गठ्ठा हातात घेऊन पाहिला. "म्हणजे ठरलं वाटतं."

"माझ्याविना ठरलं."

"मी तुला मोरीच्या वेळीच बोललेले. घेणारा कोण आहे?"

"घेणारी आहे," कमल म्हणाली. "आणि बुटकी आहे."

हा शोध तिचा स्वतःचा होता, आणि तिला त्याचा थोडा अभिमानही होता. बटण खाली आलं तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. मग नवा ओटा जुन्यापेक्षा चार बोटं ठेंगणा झाला. दौलत उंच, पावणेसहा फूट. त्याला त्या ओट्यावर पाणी प्यायलासुद्धा वाकावं लागायचं. आपल्या घरासाठी कोण असं करेल? घेणाऱ्या बाईने मापं दिली असणार. कमलने त्या बाईला मनात पुरती उभी केली होती. आखूड हातांची, ठसक्यात बोलणारी, आल्या आल्या तुळशीची कुंडी उचलून दुसरीकडे ठेवणारी. ओट्यावर कणीक मळताना हल्ली कमलचे खांदे दुखत नसत, पण त्याचं श्रेय त्या मेलीला द्यायला ती तयार नव्हती.

गौतम मिस्त्री दहाला आला. चाळिशीचा, कानामागे पेन्सिल. त्याने भिंतीवर खूण केली, दोन भोकं पाडली आणि धूळ फुंकली. कमलने चहा पुढे केला, पण बशी हातातून सोडली नाही.

"खरं सांग गौतम. ती बाई खोली बघायला कधी येऊन गेली?"

"कोण बाई?"

"जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती. तुला माहीत आहे. बुटकी."

गौतमने तिच्याकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. "आहे बुटकी. चार फूट आठ इंच."

"बघितलीस ना तू!"

"काकू, तुम्हीच की ती! काका पहिल्या दिवशीच बोलले, सगळं हिच्या हाताला आलं पाहिजे, स्टुलावर चढायची पाळी नको. तुम्ही गॅलरीत कपडे वाळत घालत होता ना, तेव्हा तुमचा हात कुठवर जातो ते बघून त्यांनी चौकटीवर खूण करून ठेवली. मापं तिथून घेतलीत. मला बोलले, बोलू नको, ती नको नको करेल." त्याने तिच्या हातातली बशी हळूच काढून घेतली. "चहा थंड होतोय."

कमल ओट्याला टेकून उभी राहिली. ओटा बरोबर तिच्या कमरेशी आला. एवढे महिने ती त्याच्यावर भाकरी थापत होती आणि तिच्या टाळक्यात प्रकाश पडला नव्हता. तिला हसू आलं आणि लाजही वाटली. म्हाताऱ्याने तिच्यासाठी केलं होतं. बकुळाला सांगायला हवं, असं मनात आलं आणि ती दारापर्यंत गेलीसुद्धा.

दारातच ती थबकली.

पातेलं वर असलं की ती म्हणायची, अहो, जरा काढा. तो हात लांब करून काढायचा. डबे, सूप, गणपतीची समई, वरचं सगळं बेचाळीस वर्षं त्यानेच काढून दिलं होतं. घरात असा माणूस असताना बाईला स्टुलावर चढायची पाळी येईलच कशी? आणि तरीही त्याने मिस्त्रीला तेच सांगितलं होतं. शिवाय सोमवार होताच. पावत्या होत्याच. कमल बकुळाकडे गेली नाही. दिवसभर ती घरातच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहिली. डॉक्टरने काही सांगितलं असेल का, म्हणून तिने त्याची औषधांची पिशवी उलटी केली. खोकल्याच्या गोळ्यांवाचून त्यात काही नव्हतं.

दिवेलागणीला दौलत आला, चपला काढल्या आणि सरळ ट्रंकेपाशी बसला. आधी त्याने कपडे काढून बाजूला ठेवले, मग तळाचा वर्तमानपत्राचा कागदही उचलून पाहिला.

"पावत्या कुठे गेल्या गो?"

"कशाला हव्यात?"

"सोमवारी मालकाकडे न्यायच्यात."

"तेच विचारतेय. कशाला?"

त्याने ट्रंक बंद केली आणि तिच्यावरच बसला. "पावती तुझ्या नावावर करायची आहे. तयार झालाय मालक. सहीला तुला पण यायला लागेल. सोमवारी सकाळी सांगणार होतो."

कमलने दिवसभर भांडण तयार करून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं राहिलं नाही.

"माझ्या नावावर. आणि तुम्ही?"

"मी गावाला जातो. शिमगा गाठतो." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "तिथे देवापुढे दिवा लावायला माणूस नाही. आणि मला आता लिफ्टच्या डब्यात दिवस काढवत नाही, कमल. अडुसष्ट झाली."

"मला कधी विचारलंत?"

"चाळीस वर्षं तेच विचारतोय. तू येत नाहीस. आलीस तरी आठ दिवसांत तुझं तोंड उतरतं, मी काय बघत नाही? तुला ओढून न्यायचं नाही, असं मी ठरवलं. तू इथे, मी तिथे. गणपतीला तू ये, दिवाळीला मी येईन."

"रागावून चाललाय."

"रागावलो असतो तर ओटा बांधला असता?"

त्याने खोलीभर नजर फिरवली.

"काम पुरं झालं की निघायचं, असं मनाशी धरलं होतं. फळी तेवढी राहिली होती. उद्या सकाळी गौतम ती बसवेल, की झालं."

कमल उठून शेजारी गेली. बकुळाने कपाट उघडता उघडता विचारलं, "काय? विकतोय ना?"

"नाही. माझ्या नावावर करतायत."

"अगं बाई! नशीब काढलंस!"

हो, म्हणावं म्हणून कमलने तोंड उघडलं. ज्यासाठी ती जन्मभर भांडली होती ते सगळं त्या सुतळीच्या गठ्ठ्यात तिच्या हातात आलं होतं. खोली तिची, आणि तिला गावाला ओढणारं कुणी नाही. गठ्ठा घेऊन ती तशीच बाहेर पडली. गॅलरीतून घरात शिरताना तिला दौलतचा खोकला ऐकू आला, आणि हा आवाज शिमग्यानंतर इथे नसेल, या विचाराने तिचे डोळे भरून आले. तिने ते पदराने कोरडे केले, आत जाऊन पावत्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या आणि तांदूळ निवडायला बसली. कुठे होत्या, हे त्याने विचारलं नाही.

रविवारी सकाळी गौतमने फळी बसवली, वर हाताने दाब देऊन पाहिली आणि बाजूला झाला.

"बघा काकू, पोचतो का हात."

दौलत खाटेवर चहा पीत होता. कमल पुढे झाली. तिने हात वर केला. फळीच्या वीतभर खाली तिची बोटं थांबली.

"नाही पोचत," ती म्हणाली.

"असं कसं? माप घेऊनच लावली. जरा ताणा की हात."

"ताणलाय."

"टाचा तरी उचला."

"या वयात टाचा उचलू? पडले म्हणजे?" तिने हात खाली घेतला. "आणि त्या मोरीचं पण बघ. तीन जातीच्या लाद्या, माणसं हसतात. ती फुलांची भिंत काढ सगळी. एकसारखी कर."

गौतमने दौलतकडे पाहिलं. "काका, कालपर्यंत काकूंना काहीच नको होतं."

दौलतने कप खाली ठेवला. तो सावकाश उठला, गौतमच्या पिशवीतून मोजपट्टी काढली आणि एक टोक पायाने दाबून ती फळीपर्यंत ओढली. अठ्ठावन्न इंच, कागदावर लिहिलं होतं तेवढंच. आकड्यावर अंगठा ठेवून तो थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला. कमल त्याच्याकडे बघत नव्हती, ओट्यावरचा स्वच्छ भाग पुन्हा पुसत होती. त्याने मोजपट्टी सोडली.

"माप चुकलं रे गौतम," तो म्हणाला. "पुढच्या पगाराला खाली घेऊ."

"आणि मोरी?" गौतमने विचारलं.

"मोरी त्याच्या पुढच्या महिन्यात."

"शिमगा जाईल," कमल फडकं पिळत म्हणाली.

"एका महिन्याला एकच काम परवडतं," दौलत म्हणाला आणि त्याने उरलेला चहा घेतला.