बॉलची भेग

जुन्या बॉलवर एकतीस ओरखडे होते, दोन उथळ खळगे, तीन भोकं आणि बोटांच्या दोन भोकांमधल्या अरुंद जागेत केसासारखी एक भेग. मुलीने पर्समधून स्टीलची पट्टी काढून भेगेला लावली. अकरा मिलिमीटर.

"घ्यायला आलीस की मोजायला?" जुनं खेळसामान विकणारा दुकानदार म्हणाला. "वीस वर्षांचा बोलिंग बॉल आहे. दोन महिने टिकेल, नाहीतर दहा वर्षं. परत मात्र घेणार नाही."

तिने तो घेतला अंगठ्याच्या भोकासाठी. एवढं रुंद भोक तिला दुसरीकडे कुठेच सापडलं नव्हतं. तिचे बाबा निवृत्त बसचालक. संधिवाताने अंगठ्याचं पेर सुजलं, क्लबातला एकही बॉल हातात बसेना, आणि डेपोतल्या मित्रांबरोबरचा गुरुवारचा खेळ सुटला. वर्षभर ते खिडकीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्या बसचालकांच्या चुका काढत होते.

बाबांनी भोकात अंगठा घातला, फिरवला, अलगद काढला. "वा! याचा आधीचा मालकही माझ्यासारखाच जाडबोट्या दिसतोय."

गुरुवारी स्वारी क्लबात हजर. पण शेवटी वळून पिनांवर आदळण्याऐवजी बॉल नाकासमोर सरळ जायचा, वळायचं नाव नाही.

"काय रे हॉर्न," मित्र त्यांच्या डेपोतल्या टोपणनावाने ओरडले, "तुझ्या गाडीचं स्टिअरिंग काढून ठेवलंस काय?"

बाबा हसले, पण घरी येऊन बॉल पलंगाखाली सरकवून दिला.

मुलीने वाचून कारण शोधून काढलं. बॉल ज्या लाकडी वाटेवरून घरंगळतो, त्या लेनवर तेलाचा थर असतो. ते वर्षानुवर्षं पिऊन बॉलची पकड गेली होती. गरम पाण्यात बुडवला की तेल बाहेर येतं. पण उष्णतेने भेग पसरली तर? बॉल दुभंगला की बाबा पुन्हा खिडकीत.

"राहू द्या ना बाबा. सरळ तर सरळ."

"न वळणारी गाडी मी एक दिवस चालवली नाही. आण बादली."

भोकांवर चिकटपट्टी लावून तिने बॉल पाण्यात सोडला आणि थोडं थोडं गरम पाणी घालत थर्मामीटर अठ्ठेचाळीस अंशांवर नेला. बाबा शेजारी स्टुलावर. थोड्या वेळाने बॉलच्या अंगावर पिवळे थेंब फुटले आणि तरंगत वर आले.

"घाम फुटला की याला! आता काढ, नळाखाली धरू."

"नळाला हात लावू नका! एकदम गार पाणी पडलं तर तडकेल. बादलीतच निवू दे."

"बरं बाई. डेपोचा साहेब परवडला."

पाणी निवायला अडीच तास लागले. बॉल पुसून तिने पट्टी लावली. मग दिव्याखाली नेऊन पुन्हा लावली.

"बारा," ती हळूच म्हणाली.

"एक मिलिमीटर? माझ्या बसच्या काचेला वीतभर चीर होती. आठ वर्षं पळवली तशीच."

पुढच्या गुरुवारी बॉल लेनच्या कडेकडेने गेला, शेवटच्या टप्प्यात डावीकडे वळला आणि दहाच्या दहा पिना आडव्या झाल्या. बाबांनी तोंडाने एवढा लांब हॉर्न वाजवला की शेजारच्या लेनवरच्या बाईच्या हातून बॉल सुटला.

तेव्हापासून मुलगी दर शुक्रवारी सकाळी बॉल तपासते. बावन्न गुरुवार झाले. अंघोळी आणखी तीन. ओरखडे अठ्ठेचाळीस. भेग बारा मिलिमीटर.