वरचा थर

आरोपाचे खंडन तोंडाने करता येते आणि कृतीनेही करता येते. माझ्या भाचीने दुसरा मार्ग पत्करला, त्याचा हा वृत्तांत होय.

ज्या प्रयोगशाळेत ती संशोधन करते, तेथेच मी काचसामान धुण्याचे आणि सेंट्रिफ्यूज नामक गरगर फिरणारे यंत्र सांभाळण्याचे काम करतो. ती मला मामा म्हणते, सबब सर्वच मला मामा म्हणतात, खुद्द प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले साहेबसुद्धा.

भाचीचे प्रतिपादन असे होते की, तिने हाती घेतलेले प्रथिन पेशीच्या आवरणातील मेदाला चिकटते. याकरिता ती मेदाचे अतिसूक्ष्म फुगे तयार करी, त्यांत प्रथिन मिसळी आणि मिश्रण यंत्रात फिरवी. फुगे तळाशी बसत व त्यांच्यासमवेत प्रथिनही बसे. परंतु फुग्यांवाचून फिरवलेल्या नळीच्या तळाशीही थोडे प्रथिन सापडले, आणि तेथेच माशी शिंकली.

"अगं, चिकटत बिकटत नाही ते, गुठळ्या होऊन बुडतंय," तिचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले. त्यांना आम्ही दादा म्हणतो. "दगडही बुडतो. म्हणून काय तो मेदाला चिकटला?"

साहेबांनी निर्णय दिला: शुक्रवारपर्यंत शंका फिटली तर उत्तम, अन्यथा हा विषय बंद, आणि भाचीने दादांच्या कामात हातभार लावावा. स्वतःचे मूल पाळण्यातून उचलून दुसऱ्याचे जोजवावे, तद्वतच ते होते.

"मग बुडवायचंच नाही," भाची म्हणाली. "तरंगवायचं."

तिने मला रीत समजावली. मिश्रण साखरेच्या दाट द्रावणात कालवून नळीच्या तळाशी ठेवायचे आणि त्यावर पातळ द्रावणाचे थर हलक्या हाताने चढवायचे. फिरवल्यावर मेदाचे फुगे हलके म्हणून वर येतात. प्रथिन खरोखर चिकटलेले असेल तर तेही त्यांच्याबरोबर वर येते. गुठळी मात्र कदापि वर येत नाही.

"आणि नाहीच आलं वर तर?" मी विचारले.

"तर दादा खरे. पण येईल, मामा. खात्री नसती तर उरलंसुरलं सगळं प्रथिन यात घातलं असतं का?"

एका नळीत फुगे होते, दुसरीत नव्हते. यंत्र थांबले तेव्हा साहेब व दादा साक्षीला उभे होते. पहिल्या नळीत वरच्या बाजूस दुधाळ पट्टा स्पष्ट दिसत होता. भाची हातमोजे चढवते आहे तोच दादांनी ती नळी उचलली, तिरपी केली आणि वरचे पाणी बीकरमध्ये ओतून दिले! बुडवण्याच्या प्रयोगात तळ जपायचा आणि वरचे फेकायचे असते. वर्षानुवर्षांची ती सवय आड आली.

"दादा!" साहेब ओरडले. "सगळं पाण्यात घातलंत!"

दादांचा चेहरा पांढराफटक पडला. "हात गेला हो... सवयीनं."

भाचीने नळी प्रकाशात धरली. तळाचा दाट पाक जागचा हललेला नव्हता.

"मामा, हा बीकर कोरा होता ना?"

"आत्ताच धुऊन वाळवून ठेवलाय."

"मग काही बिघडलं नाही. वरचा थर वेगळा काढायचाच होता, दादांनी माझं काम हलकं केलं."

दुसऱ्या नळीचा वरचा थर तिने पिपेटने सावकाश खेचला. वरचे आणि तळाचे सर्व नमुने जेल नामक लिबलिबीत, पारदर्शक वडीवर चढवले, वीज सोडली, निळा रंग दिला, धुतला. प्रथिन असेल तेथे निळी रेघ उमटते. बीकरमधल्या नमुन्याच्या रांगेत ठसठशीत रेघ उमटली होती. फुग्यांवाचूनच्या नळीच्या वरच्या थरात काहीच नव्हते.

दादांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "थोडं तळाशी आहे मात्र."

"आहे ना. गुठळ्या होतात, तेवढं तुमचं बरोबर. ते मी सांगेनच. पण उरलेलं चिकटलंय."

"चिकटलंय खरं," दादा म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा नमूद करणे अगत्याचे आहे.

"विषय चालू राहील," साहेब म्हणाले. "नवं प्रथिन बनव आणि हेच पुन्हा करून दाखव. पण नेमक्या कोणत्या मेदाला चिकटतं?"

"ते मला अजून माहीत नाही, सर," भाची हसून उत्तरली. "पण आता विचारायला हरकत नाही."

आणि ती मेदाच्या बाटल्या काढण्यासाठी शीतपेटीकडे वळली.