युवराजचं पाणी

"सिद्धाराम, ह्यो फोटू मला दे. आन् काच काढून दे."

शिवगंगाकाकू चप्पल बाहेर काढून स्टुडिओत आल्या आणि थेट भिंतीवरच्या समुद्रापुढं उभ्या राहिल्या. मी कुणाचे तरी पासपोर्ट फोटो कापत होते. कात्री हातातच राहिली.

घाटनांदुरात आमचा स्टुडिओ. लग्नं, बारशी आणि पासपोर्ट फोटो यांवर आमची चूल पेटते, आणि आमच्या ह्यांना वेड कशाचं, तर समुद्राचं! लग्नसराई संपली की कॅमेरा खांद्याला लावून निघालेच कोकणात. बरं, फोटोत होडी नाही, नारळ नाही, माणूस तर नाहीच. नुसतं पाणी आणि खडक. कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवतात म्हणे, म्हणजे लाटांचं धुकं होतं. गिऱ्हाईक विचारायचं, "ह्यात हाय तरी काय?" मी म्हणायची, "माझ्या डोक्याचा ताप हाय." हे आपले हसायचे.

हा फोटो मात्र वेगळा होता. काकूंचा एकुलता एक युवराज कोकणात जेट्टीच्या कामावर होता. गेल्या साली होडी उलटली आणि तो सापडलाच नाही. समुद्र बघितलेला गावात एकच माणूस, म्हणून काकूंचे दीर कल्याणराव आमच्या ह्यांना सोबत घेऊन गेले. शोध थांबवला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ह्यांनी तो फोटो काढला. काळे खडक, पलीकडं दुधासारखं पाणी, वर उजाडत आलेलं आभाळ. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो, असं हे म्हणायचे आणि म्हणताना मान खाली घालायचे. पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनासाठी तो निवडला होता. असं बोलावणं ह्यांना जन्मात पहिल्यांदा आलेलं.

"काच कावून काढायची, काकू?" ह्यांनी विचारलं.

"माती द्यायचीय."

आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, पुरतात. युवराजला माती द्यायची राहूनच गेली होती.

"स्वामी म्हनले, त्याचे कपडे पुरा. कपडे पुरून काय करू, बाबा? त्यो कपड्यात हाय का? त्यो ह्या पाण्यात हाय. काच ठिवली तर माती कशी लागंल त्याला?"

माझं तोंड कुठं गप्प बसतंय! मी म्हणाले, "न्या की, काकू. पुण्यासाठी ह्याचाच दुसरा काढता येतोय ह्येन्ला."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही.

"आगं, एका माणसाला दोन जागी कसं ठिवायचं? हितं माती दिली आन् तिकडं लोकं त्याला बघतच बसले, तर निवांत कवा पडंल माझं लेकरू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे कॉम्प्युटरपुढं बसले, फोटो पडद्यावर मोठा केला, लेकराच्या तोंडावरून फिरवावा तसा त्याच्यावरून हात फिरवला आणि पुसून टाकला. मग कार्डातला पुसला. मग जपून ठेवलेल्या डिस्कमधलाही. अहो, थांबा, असं ओरडावंसं वाटलं मला. पण त्यांनी पुण्याला फोनसुद्धा लावला. "माझा फोटू येनार न्हाई, साहेब. त्यो त्याच्या घरच्यांचा हाय." मग फ्रेम उलटी करून एकेक खिळा काढायला बसले. ह्या येड्या माणसावर माझा किती जीव आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

सोमवारी काकूंच्या शेतात खड्डा घेतला. ह्यांनीच आत उतरून फोटो दोन्ही हातांनी ठेवला. स्वामींनी विभूती लावली, बेलाची पानं वाहिली.

"वैनी, माती द्या," कल्याणराव म्हणाले.

काकूंनी मूठ भरून घेतली, पण ती काही उघडेना. सगळे खोळंबले.

"सिद्धाराम, तू हात घातलतास का रं त्या पाण्यात?"

"व्हय, काकू."

"लई गार हाय का?"

"न्हाई. पहाटंचं कोमट असतंय. आंघोळीच्या पाण्यावानी."

"खरं?"

"खरं, काकू."

काकूंनी मान हलवली आणि मूठ उघडली.