क्वांटमाचार्यांच्या जुळ्या चकत्या

अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या त्या व्हिलाबाहेर गाडी लावायला जागा उरली नव्हती. आत दिवाणखान्यात मराठी मंडळी सतरंजीवर दाटीवाटीने बसली होती. त्यांत इंजिनिअर होते, बँकेतले अधिकारी होते, दातांच्या एक डॉक्टरीणबाईही होत्या. गावाकडे कुणाच्या अंगात आलं असतं, तर हीच मंडळी व्हिडिओ काढून हसत सुटली असती. इथे कुणी हसत नव्हतं, कारण इथे देवी अंगात येत नव्हती, क्वांटम येत होतं.

भिंतीवर एका तरुण फ्रेंच बाईचा फोटो होता. त्याला चंदनाचा हार घातलेला होता. फोटोखाली क्वांटमाचार्य रामेश्वर पांढऱ्या कुडत्यात उभे होते.

"मादाम सोलान्ज केर्वेल!" त्यांनी फोटोला नमस्कार केला. "फ्रान्सच्या थोर सायंटिस्ट. लेझरच्या प्रकाशात त्यांना ओंकार दिसला. पॅरिसची लॅब सोडून त्या ऋषिकेशला आल्या, माझ्या गुरूंच्या पायाशी बसल्या आणि तिथेच देह ठेवला. जाताना सीक्रेट मला देऊन गेल्या. दोन कण एकदा जुळले की हबीबी, अंतर खलास! एकाला इथे हात लावा, दुसरा तिकडे शहारतो."

हे सीक्रेट चकत्यांच्या रूपाने विकत मिळत होतं. जोडीतली एक चकती रामेश्वरांकडे राहायची, दुसरी गावी आई-वडिलांकडे कुरिअरने जायची. किंमत दिरहममध्ये सांगितली तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेतल्या स्वप्नाली नावाच्या एकीने तिचे मोठ्याने रुपये केले, तेव्हा दोघंतिघं नुसतेच खोकले.

मागच्या रांगेत मंजुषा बसली होती. तिला खोकला नव्हता, संताप होता. तिची सासू मिरजेत एकटी राहायची. हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती आणि ऑपरेशन लांबवू नका असं बजावून डॉक्टरांनी तारीख दिली होती. ती तारीख प्रकाशने, म्हणजे मंजुषाच्या नवऱ्याने, परस्पर रद्द केली. त्याच्या तेल कंपनीत शटडाऊन, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायची मोठी दुरुस्ती, तोंडावर आलेलं. रजा मागितली की साहेबाच्या कपाळाला आठ्या. अशात रामेश्वर भेटले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं. आई बरी होणार आणि रजाही नको.

"प्रकाश, हार्टचं ऑपरेशन आहे ते, सर्दी-पडसं नाही," मंजुषाने घरी परोपरीने सांगून पाहिलं होतं.

"मी डोळ्यांनी बघितलंय, मंजू. आईच्या हातातली चकती व्हिडिओवर, लाइव्ह, गोल्डन झाली. ते कसं झालं सांग, लगेच सोडतो."

ते कसं झालं हे मंजुषाला सांगता येत नव्हतं. तिथेच घोडं अडलं होतं.

पण योगायोगाचीही कमाल असते. मंजुषा अबुधाबीतल्या एका विद्यापीठात व्याख्यानांची व्यवस्था बघायची आणि या आठवड्याच्या पाहुण्या होत्या सोलान्ज केर्वेल. जिवंत, धडधाकट, पांढऱ्या केसांच्या. त्यांची ओळख लिहून काढायचं काम मंजुषाकडेच होतं, त्यामुळे बाईंचं चरित्र तिला पाठ होतं. त्यात ओंकार कुठे नव्हता. वडील समुद्रकाठच्या गावी कालवं विकायचे. मुलीने गाडा सांभाळावा अशी त्यांची इच्छा. मुलगी शिष्यवृत्ती घेऊन पॅरिसला पळाली. तिथे प्रयोगशाळेच्या तळघरात प्रकाशाचे जोडकण मोजण्यात तिची उमेदीची वर्षं गेली.

आणखी एक गोष्ट बाईंनी तिला गाडीत सांगितली. तरुणपणी त्यांना असा झकास निष्कर्ष मिळाला की त्यांनी तो जगाला जाहीर करून टाकला. नंतर कळलं, त्या यंत्राजवळ उभ्या असल्या तरच तो आकडा यायचा. त्यांच्या अंगाची ऊब आरशांच्या बैठकीला लागून आरसे किंचित सरकत होते. पुढच्याच परिषदेत उभं राहून त्यांनी स्वतःची चूक स्वतः सांगितली. तेव्हापासून मोजणी सुरू झाली की त्या शेजारच्या खोलीत जाऊन बसायच्या. नाव झालं ते त्यानंतरच्या कामाने.

हाराच्या फोटोबद्दल मंजुषाने भीतभीत सांगितलं.

"म्हणजे मी मेले?" बाईंनी विचारलं.

"हो. ऋषिकेशला."

"मी ऋषिकेश पाहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "चला, माझं दर्शन घेऊन येऊ."

तर आता त्या मंजुषाच्या शेजारी मांडी घालून आपलंच चरित्र ऐकत होत्या. मंजुषा कानात भाषांतर करत होती. फोटोतल्या आणि समोरच्या बाईंत चाळीसेक वर्षांचं अंतर होतं, त्यामुळे ओळखायचा प्रश्नच नव्हता. उलट गोरी भक्त आली म्हणून रामेश्वरांनी त्यांच्यावर खास एक आशीर्वाद टाकला.

मोठ्या पडद्यावर मिरजेहून आई दिसल्या. अंगावर शाल, हातात काळपट जांभळी चकती.

"माताजी, मुठीत घट्ट धरा. डोळे मिटा," रामेश्वर म्हणाले. स्वतःच्या चकतीवर तळहात दाबून त्यांनी मंत्र सुरू केला. त्यात ओम होता, फोटॉनही होता. मंत्र संपल्यावर त्यांनी हात उचलला. चकती पिवळीधमक! तिकडे आईंनी मूठ उघडली. तीही पिवळीधमक! दिवाणखाना गदगदला. प्रकाशने डोळे पुसले.

बाई मंजुषाच्या कानाशी लागल्या. "मूठ कशाला हवी? ऊब, बाळ, ऊब. त्याची चकती गार पाण्यात टाक आणि बघ."

मंजुषा उठली. "महाराज, एक शंका आहे."

"शंका म्हणजे निगेटिव्ह व्हायब्रेशन, ताई."

"असू दे. चकत्या जुळ्या आहेत ना? मग तुमची बर्फाच्या पाण्यात टाकली, तर आईंची पिवळी होता कामा नये."

"ऑफ कोर्स," प्रकाशच मध्ये बोलला. इंजिनिअर होता तो. चाचणी म्हटलं की त्याचा मेंदू आपोआप सुरू व्हायचा. "सर, करूनच दाखवा ना. यल्ला, चला!"

रामेश्वर काही म्हणायच्या आत त्याने चकती उचलून टेबलावरच्या बर्फाच्या पाण्याच्या भांड्यात टाकली. ती पाहता पाहता काळपट पडली. तिकडे आईंनी चकती थंड होऊ दिली आणि पुन्हा मुठीत धरली. मंत्र नाही, फोटॉन नाही. थोड्या वेळाने मूठ उघडली, तर पिवळीधमक.

"गुरुकृपा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"कृपा कसली?" मंजुषा म्हणाली. "उष्णतेने रंग बदलणारा लेप आहे त्यावर. हात गरम, की चकती पिवळी. आणि या मादाम केर्वेल. ऋषिकेशहून नाही, हॉटेलातून आल्यात."

बाईंनी फोटोचा हार काढून ठेवला आणि फोटोशेजारी उभ्या राहिल्या. नाक तेच होतं.

रामेश्वर क्षणभरच गांगरले. "मादामनी पुनर्जन्म घेतला!" त्यांनी हात जोडले. त्यांच्याबरोबर चारपाच जणांनीही जोडले. बँकेतल्या एका अधिकाऱ्याने मात्र विचारलं, "एवढ्या म्हाताऱ्या जन्मल्या?" तेव्हा लोक हसले, आणि महाराजांचं क्वांटम उतरलं.

"जोडकण खरे आहेत," बाई म्हणाल्या आणि मंजुषाने मराठीत सांगितलं. "मी जन्मभर तेच मोजले. पण त्यांच्यातून औषध जात नाही. साधा 'हॅलो'सुद्धा पलीकडे पाठवता येत नाही."

एवढ्यात पडद्यावरून आवाज आला. "अगं मंजू, त्यात मोजायचंय काय? चहाचा कप ठेवला तरी पिवळी होते ती. मी पहिल्याच दिवशी पाहिलंय."

प्रकाश वळला. "आई, तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

आईंनी शालीचा काठ सारखा केला.

"आधी तुझा फोन कधीमधी यायचा, बाळा. चकती आल्यापासून रोज तोंड दिसतंय. खोटी आहे म्हणाले असते, तर तेही बंद झालं असतं."

"पण ऑपरेशन, आई! जीव गेला असता तुझा."

"एकटीने टेबलावर जायची भीती वाटत होती रे. तू तारीख रद्द केलीस, मला बरंच वाटलं."

प्रकाशने तिथूनच साहेबाला फोन लावला आणि रजा मागितली नाही, घेतोय म्हणून सांगितलं. रामेश्वर मागच्या दाराने गेले. जाताना फोटो न्यायचा राहिला, तो बाईंनी मंजुषाला सही करून दिला.

आईंचं ऑपरेशन महिन्याभरात झालं. खोलीबाहेर प्रकाश बसून होता. आई आता हळूहळू जिना चढतात. चकती त्यांनी टाकली नाही. चहाच्या कपाखाली ठेवतात, आणि ती रोज पिवळी होते. नुसत्या चहाने.

तेव्हा वाचकहो, कुणी चमत्कार दाखवला तर पायावर डोकं ठेवायची घाई करू नका. आधी एवढंच म्हणा, महाराज, जरा हात लांब ठेवा आणि मग दाखवा. तोवर औषध थांबवू नका, डॉक्टरांनी दिलेली तारीख मोडू नका. आणि गावी आई असेल, तर तिला फोन करा. त्याला चकती लागत नाही.