खुराड्यातली माती

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे आणि तोही डावा. उरुग्वेतल्या साल्तो गावच्या चांभाराने मला गाईच्या कातड्यातून शिवले. आमच्या संघाचा आघाडीचा खेळाडू एलादियो फ्लेइतास मला पायात घालून पहिल्यांदा मैदानात उतरला आणि आम्ही दोन गोल केले. उजवा बूट तेव्हा फक्त तोल सांभाळत होता, पण हे मी कुणाला बोलून दाखवत नाही.

संघाचे सामान सांभाळणाऱ्या सातुर्निनोकाकांनी तिथल्या तिथे फर्मान काढले, की आता या बुटाला पाणी लावायचे नाही, नाहीतर गोल थांबतील. आमच्याकडे जिंकत असताना माणसे मोजेही बदलत नाहीत. एलादियोचा तर या फर्मानावर देवावर बसावा तसा विश्वास बसला.

माझे मात्र त्यात मरण होते. चिखल वाळला की कातडे ताठरते आणि मग चिरते.

हे एकट्या निल्दाला कळले. ती एलादियोची बायको आणि त्या चांभाराची मुलगी. दर सोमवारी एलादियो संत्री तोडायला मळ्यात गेला, की ती मला धुई, गाईची चरबी चोळी आणि वरून पुन्हा माती थापी. अकरा वर्षे हे चालले. एकशे चाळीस गोल झाले. लोकांनी माझे मुकेसुद्धा घेतले.

एलादियो निवृत्त झाला आणि मी क्लबच्या काचेच्या कपाटात गेलो. किल्ली काकांकडे. सहा वर्षे मला चरबीचे बोट लागले नाही. फार एकटे वाटे.

गेल्या वर्षी जुन्या खेळाडूंचा सामना ठरला. एलादियोने मला पायात चढवले आणि करंगळीपाशी मी टर्रकन उसवलो. त्याचा चेहरा पडला. आपण खेळत नाही, असे सांगून तो बाकावर बसला. गोल देणारा बूटच गेला, तर आपण कोण, असे त्याला वाटत होते.

निल्दा मैदानाच्या कडेला निखाऱ्यांवर मांस भाजत होती. तिने चिमटा खाली ठेवला.

"म्हाताऱ्या, ऐक. हा बूट मी दर सोमवारी धूत होते."

सातुर्निनोकाकांनी कपाटाची किल्ली खिशात सरकवली.

"फायनलच्या आधीपण?" एलादियोने विचारले.

"तेव्हा दोनदा. वास फार मारत होता."

"मग ती माती?"

"आपल्या खुराड्यातली. कोंबड्यांची."

एलादियोने मला पायातून काढून हुंगले. मग तो हसू लागला, गुडघा दुखेपर्यंत हसला. "काका," तो म्हणाला, "त्या कपाटात आता एक कोंबडी ठेवा."

निल्दाने मला तिथेच टाके घातले. स्वच्छ बूट घालून तो खेळला आणि गोलही केला. उजव्या पायाने केला, ते जाऊ द्या.

हल्ली दर सोमवारी तो मला स्वतः धुतो आणि निल्दा शेजारी बसून चुका काढते. मित्रांनो, तुम्हीही जिंकाल, लोक तुम्हाला खांद्यावर घेतील. तेव्हा खाली उतरलात, की आधी घरी जा आणि सोमवारी तुमचे बूट कोण धुते ते बघा.