डाव्या बुटाची न धरलेली नोकरी

मित्रांनो, रोझलिंड टॅकेटचं नाव नर्सिंगच्या वर्गातून कापलं गेलं. छे, असं काही झालेलंच नाही. मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाहीत. पहिल्यापासून सांगतो.

मी एक जुना सैनिकी बूट आहे. डावा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा रंग वाळूसारखा होता आणि स्वभाव शांत. रंग अजून थोडा शिल्लक आहे.

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगरातली रोझलिंड नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यात शिरली, कारण भरतीवाले साहेब म्हणाले होते, "देशासाठी उभी राहा पोरी, कॉलेजची फी सरकार बघून घेईल." त्या शब्दावर मी तिच्या पायात वर्षभर वाळवंटात उभा राहिलो. माझ्यात एक विंचू राहून गेला. भाडं न देता.

परतलो तर इथल्या नद्या फुगलेल्या. राज्यपालांनी गार्डला बोलावलं, पुढच्या वर्षी पुन्हा, नंतर पुन्हा. बूट तोच, पाय तोच, वाळूच्या जागी चिखल. छपरावर अडकलेल्या एका म्हातारीला रोझलिंडने पाठीवर घेतलं. मांजर मागे राहिलं म्हणून म्हातारीने तिला लाथा घातल्या. मग मांजरही आणलं.

कॉलेजात माजी सैनिकांच्या खिडकीत त्या म्हातारीचीच लेक बसते, प्रुइटबाई. सेवा जितकी लांब, तितका फीचा मोठा वाटा सरकार भरतं. उरलेला वाटा रोझलिंडने दुकानात खोकी उचलून जमवला होता. पुराची सेवाही मोजली जाईल, असा हिशेब धरून.

"बाळा, पूर धरता येत नाही गं," प्रुइटबाई म्हणाल्या.

"का?"

"वाळवंटात तुला वॉशिंग्टनने पाठवलं. पुरात राज्यपालांनी. ती सेवा यात मोजत नाहीत."

"मग पुरात मी कोण होते, प्रुइटबाई? मासा?"

"माझ्या आईला तूच उतरवलंस ना?"

"आणि तुमच्या मांजराला."

बाईंचे डोळे खरंच भरून आले. "देव तुझं भलं करो. आई तुझ्यासाठी मक्याचा पाव करणार आहे."

"तो फीत धरतात?"

बाईंनी पुढच्याला हाक मारली.

मी चामड्याचा आहे, तरी माझी शिवण तडतडली. नोव्हेंबरात माजी सैनिकांच्या दिवशी हायवेवरचा पॅनकेकवाला आम्हाला फुकट जेवू घालतो. वाळू की चिखल, हे त्याने कधी विचारलं नाही.

मुदत संपली. उरलेली फी भरली गेली नाही, आणि मी सुरुवातीला जे बोललोच नव्हतो, ते झालं. रोझलिंडने घरी येऊन आधी उजव्याला अंगणात भिरकावलं, मग मला. ती परत खोकी उचलायला गेली, साध्या चपलांत.

मित्रांनो, बुटांची काळजी घ्या, असं मी इथे म्हणायला हवं. नाही म्हणणार. बुटांचं काय, आम्ही भिजतो आणि वाळतो. आत पाय कोणाचा होता, ते विचारा.

सबब, संबंधित सर्व नद्यांना विनंती करण्यात येते की, यापुढे पूर आणण्यापूर्वी वॉशिंग्टनची लेखी मंजुरी घ्यावी. तसेच छपरावरील वृद्धांनी, समोरच्या सैनिकाला कोणी पाठवलं आहे याची खातरजमा केल्याशिवाय त्याच्या पाठीवर बसू नये.