रसायन विभागाच्या दारावरचा फलक

गाबेस शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, रसायन विभागाच्या दाराशेजारी मी टांगलेला आहे. मी एक जुना सूचनाफलक आहे, मित्रांनो. उत्तरेच्या डोंगरातल्या बुचाच्या सालीचे माझे अंग, ऑलिव्हच्या लाकडाची चौकट.

एके काळी माझ्यापुढे गर्दी असे. पीएचडीच्या जागा, संशोधकांच्या नोकऱ्या, परदेशी प्रयोगशाळांची बोलावणी, सारे माझ्यावरच लागे. जागा मिळालेल्या एका मुलीने माझ्या चौकटीचा मुका घेतला होता! पुढे सगळे मोबाइलवर आले आणि माझ्यावर धूळ बसली.

मग गेल्या हिवाळ्यात एक अनोळखी माणूस आला. त्याने इकडेतिकडे पाहिले, एक गुळगुळीत कागद माझ्यावर टाचला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. परदेशात बॅटरीवर संशोधन, भरपूर पगार, विमानाचे तिकीट फुकट. मुलाखत नाही. पासपोर्टची प्रत आधी पाठवायची.

वज्दी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिला. वर्गात पहिला आलेला हा मुलगा, पण बाजारात मोबाइलच्या काचा बदलत होता.

"काय शास्त्रज्ञ, आता तरी टपरी सोडणार का?" त्याचा मित्र हमदी हसला.

सलमा मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वज्दीला शिकवले होते. "यात मार्गदर्शकाचं नाव कुठंय रे? प्रयोगशाळा कुठली, तेही नाही."

"नावं असलेल्या जागांना मी किती अर्ज केले, मॅडम! कुणी साधं 'नाही' म्हणायचीही तसदी घेतली नाही."

तिकीट आले आणि वज्दी परदेशी गेला.

वसंतात एका सकाळी मॅडम माझ्यापाशी उभ्या असताना त्यांचा फोन वाजला. आवाज वज्दीचा होता, पण दबलेला. "इथे प्रयोगशाळा नाही, मॅडम. कुंपण आहे. दिवसभर आम्हाला फोनवरून लोकांना फसवायला लावतात. पासपोर्ट काढून घेतलेत. कुणालाही पाठवू..." फोन बंद पडला. मॅडमनी किती वेळा लावला, लागला नाही.

त्यांनी तो कागद माझ्यावरून ओरबाडून काढला. मागे उभी असलेली नवरेस नावाची मुलगी पांढरीफटक पडली. "मॅडम, आम्ही सगळ्यांनी त्या कागदाचा फोटो काढून ठेवलाय. मी तर पासपोर्टची प्रतही पाठवली."

"तिकीट आलं तरी पाऊल उचलू नकोस. ऐकतेस ना?"

नवरेस हातातल्या फोनकडे बघत निघून गेली.

वज्दीच्या आईला, मबरूकाला, खरे सांगायचा धीर कुणाला झाला नाही. ती इथे येते आणि माझ्यापुढे उभ्या असलेल्या मुलांना विचारते, "तिकडे निघालायस का, बाळा? माझ्या वज्दीला म्हणावं, एकदा आवाज ऐकव."

मित्रांनो, मला कागद नाकारता येत नाही. जो टाचेल त्याचा कागद मी धरून ठेवतो. म्हणून हात जोडून सांगतो, विचारायचे काम तुम्ही करा. बोलावणारा कोण? तिथून परत आलेला कुणी भेटेल का? उत्तर मिळेपर्यंत घर सोडू नका.

परवापासून नवरेस वर्गात आलेली नाही.